आगाव

"इचारलं न्हाई तरी सांगते," असं म्हणून ती पदर पुढं ओढायची आणि बोलायला लागायची. नांदूरघाटजवळच्या एका गावात मी उपकेंद्रात नर्स होते. ती तिथली मेंढरं राखणारी, साठीची, एकटी बाई.

सरकारी कागदात 'आगाऊ सूचना' म्हणजे वेळेआधी दिलेली सूचना. तोच शब्द माणसाला लावला की शिवी होते. आमच्याकडं त्याला 'आगाव' म्हणतात. न विचारता बोलणारा, नको तिथं पुढं होणारा. पुरुष असा वागला तर त्याला पुढारी म्हणतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाई मात्र आगावच.

लसीकरणाच्या दिवशी ती मला लसीचा डबा उघडायला लावायची. मी एकदा चिडले. "मावशी, लई आगावपणा करता तुमी."

"व्हय, करते. पर बर्फ दाव."

बर्फाचं पाणी झालं होतं. त्या दिवशी मी लस दिली नाही.

तिच्या शेजारी चोवीस वर्षांची एक सून होती, दोन लेकरांची आई. तिचं पोट सारखं दुखायचं. पाळीमुळं कामाचे खाडे नकोत म्हणून ऊसतोडीला जायच्या आधी तिची गर्भपिशवी काढून टाकायची, असं सासूनं ठरवलं. बीडच्या एका खाजगी दवाखान्यात जायला जीप आली, तेव्हा मावशी न बोलावता आत जाऊन बसली. पुढचं मला त्या सुनेनंच सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "पिशवी ठेवली तर कॅन्सर होऊ शकतो."

"होऊ शकतो, का झालाय?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही कोण हिच्या?"

"शेजारीन. कुठल्या कागदावर हाय, तेवडं दावा."

"तुला कावून एवडी फिकीर?" सासू ओरडली. "गप बस, आगाव कुठली!"

मावशीनं सुनेकडं पाहिलं. "पोट तुजं हाय. तू बोल."

सून रडत एवढंच म्हणाली, "मला न्हाई काढायची."

दोघी रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेल्या. तपासणीत सूज निघाली. गोळ्या लागू पडल्या, दीड महिन्यात दुखणं थांबलं.

गावानं मात्र मावशीला माफ केलं नाही. सासूनं बोलणं टाकलं. खतासाठी शेतात तिची मेंढरं बसवणाऱ्या चार घरांनी दुसरा कळप बोलावला.

"कशाला पडलात मधी?" मी विचारलं.

तिनं पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "माझी बाविसाव्या वर्षी काढली, शिस्टर. एकच लेकरू व्हतं, ते बी गेलतं. कावून काढली, ते आजून ठावं न्हाई. सासू व्हती, नवरा व्हता, भाऊ व्हता. कुनी एक शबुद इचारला न्हाई."

त्यानंतर मी तो शब्द तिच्यासाठी कधी वापरला नाही.

गेल्या वर्षी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भाच्यानं मेंढरं आपल्या गावी नेली. मी रोज संध्याकाळी जायचे. शेवटच्या दिवशी तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ हलत होते.

"पाणी देऊ?" तिनं मान हलवली. नाही.

"भाच्याला बोलवू?" नाही.

"कुठं दुखतंय का?" नाही.

मी विचारत राहिले, ती मान हलवत राहिली. मग तिनं डोळे मिटले. तिला काय सांगायचं होतं, ते मला कळलं नाही.