पाइपवरची टकटक

मनवेलपाड्याच्या आमच्या चाळीत नळाचा लोखंडी पाइप सगळ्या खोल्यांच्या भिंतीवरून गेलेला. पहिल्या खोलीत सांडोर गावची एक बाई राहायची. पाणी आलं की ती आधी वास घ्यायची आणि गटाराचा वास आला तर उलथन्याने पाइपवर टकटक करायची. तो आवाज आमच्या शेवटच्या खोलीपर्यंत यायचा. मग कुणी पाणी भरायचं नाही.

सून शेवटच्या महिन्यात होती तेव्हाची गोष्ट. घरात प्यायला थेंब नव्हता आणि टकटक झाली. पाणी तर काचेसारखं दिसत होतं. शाळा फार शिकलो नाही, पण पाणी मला कळतं. मी हंडा भरला.

बाई थेट दारात आली. "बाबा, नाक लावून बघा. मिशी भिजेल म्हणून भिता काय?"

"आम्ही ओढ्याचं पाणी पिऊन वाढलो."

"तुम्ही पोटुशी नव्हता," म्हणत तिने हंडा मोरीत ओतला आणि आपल्याकडची आदल्या दिवशी भरलेली कळशी सुनेपुढे ठेवली.

मी तिच्याशी बोलणं टाकलं. त्याच आठवड्यात मागच्या चाळीत घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पाण्याची लाइन तीच होती. आमची सून मात्र सुखरूप बाळंत झाली. त्या बाईचे उपकार मी आजही मानतो, पण तोंडावर आभार मानणं मला जमत नाही. बारशाला घरच्या बायका ताटकळत उभ्या असताना मी नात आधी तिच्या मांडीवर ठेवली.

"आता तरी बोला की, बाबा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नीट धर. मान सांभाळ."