एकोणिसाव्या ठिकाणचा तळ

आधीच सांगते, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चुका काढायलाच वाचत आले. कुणी ‘मला मागून हाक आली’ असं लिहिलं की माझा पहिला प्रश्न – साक्षीदार कोण? बाबा बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापून आणायचे आणि जेवणं उरकली की आम्ही सगळे त्यांच्या घड्या घालत बसायचो. तशा घरात वाढलेय मी. त्यामुळे हे लिहिताना माझा माझ्यावरही संशय आहे... तो तुम्हीही ठेवा.

जागा – कात्रजच्या पुढे, महापालिकेत नव्याने आलेल्या एका गावामागचं तळं. वेळ – मार्चचा पहिला रविवार, सकाळचे आठ. लख्ख ऊन. वारा नाही.

तळ्याच्या एका अंगाने बिल्डर मुरूम टाकत होता. त्याचं म्हणणं, तळं मुळातच उथळ, आम्ही काही बुजवत नाही. मी घेतलेल्या हरकतीची सुनावणी बुधवारी होती. त्यासाठीच्या पत्रकात छापायला मला आकडे हवे होते – कुठे किती खोल, आणि तळाशी जुना गाळ आहे की नवा मुरूम.

पाण्यात मला नेलं मुश्ताकचाचांनी. त्यांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. ट्रकच्या ट्यूबमध्ये पट्ट्यांची बैठक विणायची, पाय पाण्यात सोडून बसायचं आणि गळ टाकायचा – तीस वर्षं त्यांचे रविवार असे गेलेत. थंडी सरली की चिलापी मासळी काठाला येते, म्हणून हे दिवस त्यांचे खास. तळं बुजलं की हे सगळं संपणार होतं. एका ट्यूबमध्ये ते, दुसरीत मी.

“पाय हलवू नकोस, मासे पळतात.”

“चाचा, आज आपण मासे पकडायला आलेलो नाही.”

“तू नाही आलीस. मी आलोय.”

माझ्याकडे साठ फूट नायलॉनचा दोर, फुटाफुटावर गाठ, टोकाला शिशाचं वजन. वजनाच्या बुडाला कपड्यांच्या साबणाचा थर दाबून लावलेला, म्हणजे तळाची माती चिकटून वर येते. अठरा ठिकाणं मोजली. चार फूट ते नऊ फूट. काठाकडच्या प्रत्येक ठिकाणी साबणाला ताजा लाल मुरूम. मला पत्रकाचा मथळासुद्धा सुचला होता.

एकोणिसावं ठिकाण तळ्याच्या मध्यावर. नऊ गाठी गेल्या. दहा. वीस. चाळीस... साठाव्या गाठीपुढचं टोक मी बोटाला गुंडाळलं होतं म्हणून राहिलं. वजन खाली लोंबकळत होतं, बोटाला ताण कळत होता.

“इथे जुनी विहीर होती का?”

“नाही,” चाचा म्हणाले. जरा जास्तच पटकन.

मी दोर ओढला. वरचे नऊ फूट ओले. पुढचा सगळा कोरडा. वर येताना तरी पाण्यातूनच आला ना तो? मग भिजला का नाही? साबण कोरडा ठणठणीत, त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा. मला चाचांचा संशय आला. शिसं वितळवून ते वजन त्यांनीच ओतून दिलं होतं. ते काढलं आणि माझ्या बॅगेतलं कुलूप बांधून सोडलं. तेच. तिसऱ्यांदा चाचांच्या गळाची दोरी. तेच. उन्हात ठेवल्यासारखं कुलूप गरम लागलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“इथे मी गळ टाकत नाही, एवढंच माहीत आहे.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? पत्रक काढलं असतंस माझ्यावर.”

आता माझी लाज. पत्रकात साठ फूट छापलं असतं, तर बिल्डरच्या माणसांनी हसून बाकीचे सगळे आकडेही उडवून लावले असते. पुढची ठिकाणं मोजून झाल्यावर मी ती ओळ गाळली. अठरानंतर थेट वीस. आकडे लपवणाऱ्यांवर आयुष्यभर तुटून पडलेली मी...

बुधवारी बिल्डरच्या इंजिनियरने आपला नकाशा मांडला. चौकोनाचौकोनात खोली लिहिलेली, मधला एक चौकोन रिकामा. एरवी मी टेबलावर हात आपटून विचारलं असतं, हे काय लपवताय? मी गप्प बसले. त्याने माझं पत्रक वाचलं, अठरा आणि वीसच्या मधे त्याचं बोट थांबलं. मग त्याने पान उलटलं.

अधिकारी वैतागले. “दोघांचे आकडे जुळत नाहीत. मग संयुक्त मोजणी करू.”

“नको,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

“अहो, हरकत तुमची आणि मोजणी तुम्हालाच नको? मग आलात कशाला?”

निर्णय पुढे गेला. बाहेर मी त्या इंजिनियरला गाठून रिकाम्या चौकोनाबद्दल विचारलं. “मशीन बिघडलं होतं,” म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसला. चाचा तिथल्या बाकावर माझी वाट बघत होते. ते एवढंच म्हणाले, “ट्रक येतायत अजून. मुकी राहिलीस तर तळं जाईल.”

जमिनीतली पोकळी म्हणावी, तर नऊ फूट पाणी तिच्यावर थांबलंय कसं? भूगर्भाच्या अभ्यासकांना विचारलं, बाबांना विचारलं. बाबा तो साबण हातात घेऊन म्हणाले, “मोजलंस ते छाप.”

म्हणून इथे छापते आहे. ठिकाण एकोणीस – दोर साठ फूट, तळ लागला नाही, नऊ फुटांखाली कोरडं. संयुक्त मोजणीचा अर्ज काल माझ्या सहीने दिला. चाचा ट्यूब देणार आहेत. स्वतः येणार नाहीत.