मधली भिंत

धुळ्यात घरावर एक खोली चढवायची होती, म्हणून परवानगीसाठी महानगरपालिकेत बसलो होतो. शेजारी एक म्हातारा होता. मांडीवरचा निळा नकाशा तो सारखा उलगडायचा आणि घराच्या मधोमध काढलेल्या नव्या भिंतीवर अंगठा दाबून धरायचा. त्याच्या दोन मुलांनी घर वाटून घेतलं होतं.

"मी नही म्हनं ते बाप वाईट," तो हळूच म्हणाला. "सायबनीच नही म्हनावं."

तेवढ्यात कारकुनाने हाक मारली. "बाबा, नकाशा मंजूर. नशीबवान आहात, लोक इथे खेटे घालून थकतात."

म्हाताऱ्याने हातात आलेल्या मंजूर प्रतीवरचा शिक्का बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "भाऊ, काहीच चूक नही का निंघनी?"

"एकही नाही," कारकून कौतुकाने म्हणाला. "भिंत अगदी बरोबर मधोमध आहे."