पालथा बसवलेला समुद्र

कार्ल्याचा हौशीराम पाथरवट घरची भातशेती सांभाळून लोणावळ्याच्या बंगल्यांना दगड घडवून द्यायचा. छिद्रं किंवा डाग असलेली बाजू खाली, साफ बाजू वर, हा त्याचा नियम. कामं तोंडी शब्दावर मिळायची. एक ओटा बिघडला की सगळ्या बंगल्यांत बोभाटा.

१९३४ साली माधवरावांनी त्याला ओट्याचं काम दिलं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांनी मुद्दाम कच्छचा पिवळसर चुनखडीचा दगड मागवला, गलबतातून मुंबईला आणि पुढे मालगाडीने. ते पुण्याला गेलेले असताना हौशीरामने फरश्या उघडल्या आणि कपाळाला हात लावला. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर नुसते दगडात रुतलेले शिंपले आणि शंखासारखी वेटोळी. म्हाताऱ्याला कुणीतरी फसवलं असं समजून त्याने ती बाजू इमानाने खाली घातली आणि चुन्यात ओटा पुरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवराव परतले. त्यांनी वाकून गुळगुळीत फरशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हौशीराम, ज्याच्यासाठी दगड आणला तेच गाडलंस."

चुना अजून ओला होता. पण पहार लावली तर शिंपल्यांचे टवके उडणार, आणि त्यांच्याबरोबर हौशीरामचं नावही. त्याने काथ्याची दोरी फरशीखालून मागेपुढे ओढत चुना कापला, एकेक फरशी उलटवली आणि नारळाच्या शेंडीने धुतली. ताटाएवढं सर्वांत मोठं वेटोळं कडेसकट शाबूत निघालं, तेव्हा कुठे तो खाली बसला.

माधवराव शेजारी टेकले. कच्छात एके काळी उथळ, कोमट समुद्र होता, हे शिंपल्या-शंखांतले प्राणी मेले की तळाच्या चिखलात बसायचे, त्याचाच हा दगड झाला, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजे आमच्या खाचरातल्या गाळावानी," हौशीराम म्हणाला. "मंग आमच्या काळ्या दगडात कायबी कसं घावत न्हाई?"

"तो जमिनीतून वितळून वर आलेला. त्या आगीत कोण जगणार?"

हौशीरामला ते पटलं. ओटा नव्याने बसला. मोठ्या वेटोळ्याची फरशी त्याने भिंतीलगत घेतली, पायांखाली झिजू नये म्हणून. माधवरावांनी विहिरीच्या पायऱ्यांचं कामही त्यालाच सांगितलं. "काळ्या दगडाच्याच कर," ते म्हणाले. "त्या खुशाल पालथ्या घाल."

दुपारी हौशीरामची बायको धोंडाबाई त्याची भाकरी घेऊन आली आणि मोठ्या वेटोळ्याच्या फरशीला वळसा घालून उभी राहिली.

"पाय ठेव की, दगडच हाय."

"आदी तुमी ठेवा."

हौशीरामने फडक्यातली भाकरी सोडली आणि जेवायला ओट्याखाली बसला.