धुळीच्या आलेखात तांदूळ

आरमोरीकडचा माझा थोरला भाऊ दगड दळायच्या कारखान्यात कामाला होता. खोकला हटेना, तेव्हा मालकानं सांगितलं, चुन्याची धूळ आहे, काही होत नाही.

"चुना त आपण तंबाखूच्या खर्र्यातबी खातो," भाऊ मला म्हणाला. "तू फिजिक्सचा मास्तर ना? पाहून सांग. चुना असंल त जातो, नाई त काम सोडतो."

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात स्फटिक शिकवतो, म्हणजे फळ्यावर. ऐटीत म्हणालो, "क्ष-किरणाले सारं समजते. कामावर तोंडाले बांधतो तो धुळीनं भरलेला दुपट्टा दे."

वहिनीनं पुडकं बांधून दिलं. मी शहाणा, न उघडताच नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडे पाठवलं. त्यानं कापडावरचं काय ते खरवडलं. महिन्यानं आलेख आला, त्यात तांदूळ!

"एवढ्या मोठ्या मशीनवर मयला दुपट्टा पाठवाचा का, भाऊजी?" वहिनी म्हणाली. "धुतला, अन् पेजेची खळ देल्ली."

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ हसता हसता खोकत खाली बसला.

पुन्हा धूळ पाठवली, बाटलीतून. आणखी एक महिना. भाऊ कामावर जातच होता.

या वेळी सव्वीस अंशांच्या जरा पुढे उंच सुळका होता. किरण अणूंच्या थरांवरून परततात. कोन मोजून गणित मांडलं की दोन थरांमधलं अंतर मिळतं. मांडलं. गारगोटी. तिची धूळ फुप्फुसात रुतून बसते. पाच मिनिटांचं काम. लगेच उठून बस धरायची.

पण खरा आलेख आयुष्यात पहिल्यांदा हाती आला होता. मी एकेक सुळका धरून त्या स्फटिकाच्या षट्कोनी घराच्या बाजू काढत बसलो. दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा जुळेना. उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेलं असतं, तरी नऊ दिवस बसलो. बायको म्हणाली, "फोन तरी करा भाऊंना." म्हटलं, पक्कं होऊ दे.

दहाव्या दिवशी गेलो. भाऊ नुकताच कामावरून आला होता, पायरीवर बसून दम घेत होता.

"चुना नाई, गारगोटी आहे," मी म्हणालो.

"कवा समजलं?"

"झाले नऊ-दहा दिवस."

तो माझ्या हातातल्या कागदांच्या चळतीकडे बघत राहिला.

"छातीतून निघते का मंग ते?"

"नाई."

त्यानं दाराकडे मान वळवली आणि वहिनीला हाक मारून सांगितलं, "उद्यापासून डबा नोको करू."