कलमाची गाठ

गुलाबाची छाटणी करताना मी सव्वीसच्या सव्वीस झाडं कलमाच्या गाठीखालून कापली.

दुष्काळाच्या आधीचा हिवाळा होता. राहुरीजवळ एका बागायतदारांच्या बंगल्यावर मी माळी म्हणून नवाच लागलो होतो. त्याआधी नगरच्या एका रोपवाटिकेत दोन महिने कुंड्या उचलल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर मी वहिनींना, म्हणजे मालकीणबाईंना, सांगून बसलो होतो की गुलाब हा आपल्या हातचा मळ. माघात त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. हार घरच्या गुलाबांचे झाले तर कायम ठेवू, नाहीतर दुसऱ्या दिवशी वळकटी उचला, असं सरळ ठरलं होतं.

थंडीत गुलाबाच्या मुळांवरची माती काढून त्यांना आठ दिवस ऊन द्यायचं, मग छाटायचं आणि खत भरायचं. मी माती काढली, तर प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक जाड, खरबरीत गाठ. रानटी खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बांधतात, ती ही जागा. मला तो रोग वाटला. सगळ्या झाडांना एकाच जागी एकसारखा रोग कसा झाला, हा प्रश्न मला पडला नाही. उलट वेळेवर पकडला म्हणून मी खूश. करवतीनं एकेक गाठ उतरवली आणि ढीग पेटवून दिला.

शेजारच्या मेथीत एक म्हातारी मावशी खुरपत होती. ती म्हणाली, "आरं, लईच खाली घेतलंस."

"मावशी, तुम्ही मेथी बघा," मी म्हणालो.

तीन आठवड्यांत असे फुटवे आले की मलाच माझा अभिमान वाटला. एक फांदी घेऊन मी मुद्दाम राहुरीच्या रोपवाटिकेत मिरवायला गेलो. तिथल्या माणसानं देठावरची पानं मोजली. सात.

"कुणी कापलं हे?"

"शेजाऱ्यानं."

"मग त्याला सांगा, पाचाच्या जागी सात पानं आली म्हणजे गुलाब गेला, खुंट राहिला. माघात ह्याला काटे येतील."

परतताना पळून जावं असं फार वाटलं. पण घरी मी कायम झालो असं आधीच कळवून ठेवलं होतं आणि वडिलांनी ते अख्ख्या आळीत सांगितलं होतं. पळून जाणार कुठं?

मग रोज सकाळी त्या रानटी खुंटांना शेणकाला पाजायचा. वहिनी पाहुण्यांना घेऊन यायच्या. "नगरहून माणूस आणलाय. बघा, कसं जोमात आलंय." पाहुणे मान डोलवायचे, मीही डोलवायचो. जितका जोम वाढे तितका माझा घास लहान होई. एका दुपारी तर वहिनींनी नवरीमुलीलाच आणून दाखवलं. ती म्हणाली, "कळ्या कुठं आहेत?" मी म्हणालो, "मागून येतात." बाकी वेळ मी कोबीला माती लावत होतो, वाटाण्याला काटक्या रोवत होतो, शेवंतीचे वाळके दांडे काढत होतो. कुणी न सांगता इतकं काम मी जन्मात केलं नव्हतं. पण कशातही लपलो तरी ओसरीवरून ते सव्वीस खुंट आणि मी एकाच नजरेत दिसायचो.

साखरपुड्याला आठ दिवस उरले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हारवाल्याला नको म्हणून सांगते." तेव्हा मात्र तोंड उघडावंच लागलं. गाठीपासून राखेपर्यंत सगळं सांगितलं.

वहिनी झाडांपाशी गेल्या. मग वाफ्यातल्या मावशीला म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"व्हय. कापलं तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोल्ले की. ह्यो म्हनला मेथी बघा. म्या मेथी बघितली."

वहिनींनी कपाळाला हात लावला. हारवाल्याला हार करायचा निरोप गेला. प्रश्न राहिला माझा. "आता ह्यांचं काय करायचं, मावशी? वळकटी उचलायला सांगू?"

मावशीनं विळा पुसला आणि मला खालून वर न्याहाळलं.

"राहू द्या, वैनी. ज्वारी हुरड्यात आलीय, माळ्यावर बसून पाखरं हाकाया कुनीतरी लागतंच. बडबड तर याला चांगली येती."