काकीचा नंबर

इंग्रजीतला सगळ्यात जास्त राबवलेला शब्द आमच्या गावात कोणता असेल, तर तो नंबर. कोरेगावजवळच्या आमच्या गावात वडील शेतात जात नसत, 'ओढ्याकडच्या नंबरात' पाणी पाजायला जात. गिरणीत दळणाचा डबा नंबरला लागे. कारखान्याकडून ऊसतोडीचा नंबर लांबला, की घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे. गोड पेरू एक नंबर आणि लबाड माणूस नंबरी. मला सांगलीला नेऊन डोळ्यांचा नंबर काढून आणला, तेव्हा शाळेतल्या पोरींनी चष्म्यावरून जे चिडवलं, त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

पण आमच्या घरात नुसतं 'नंबर' म्हटलं, की तो काकांचा. काका पलटणीत होते. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि पत्र आलं की पोस्टमन दारात नाव विचारणार. त्यात गावात काकांच्याच नावाचा दुसरा एक जवान होता. बापाचं नाव तेच, आडनाव तेच, पलटणही तीच. दोघांची पत्रं हटकून एकमेकांच्या घरी जात. म्हणून पहिल्याच रजेत काकांनी काकीकडून आपला फौजेतला नंबर पाठ करून घेतला. काकी शाळेची पायरीही चढली नव्हती, पण तो लांबलचक नंबर ती अशा चालीत म्हणे, की ऐकणाऱ्याला आरतीच वाटावी. एकदा हळदीकुंकवाला बायकांनी तिला नाव घ्यायला भरीला घातलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "शाळूच्या ताटाला कणीस आलं भरून, ह्यांचा नंबर सांगते पदर सावरून!" आणि म्हटला की सगळाच्या सगळा नंबर. बायका हसून लोळल्या. ते आकडे मी इथं लिहीत नाही, ते काकीचे आहेत.

एकाहत्तरची लढाई पेटली आणि काकांची पत्रं थांबली. काकी बोलायची कमी झाली. भाकरी थापताना तिचे ओठ मात्र हलत असायचे, आणि ती काय म्हणतेय ते मला न ऐकताही कळायचं.

एका दुपारी तार आली. तार म्हणजे वाईटच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारात गाव जमलं. मास्तरांनी वाचून सांगितलं, जवान जखमी आहे, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे. नाव काकांचं होतं. माझ्या आईनं हंबरडा फोडला. खालच्या आळीतून त्या दुसऱ्या जवानाची बायको धावत आली होती, तिनं काकीला कवेत धरलं.

काकी रडली नाही. "मास्तर, नंबर वाचा."

"वहिनी, नाव बरोबर आहे हो."

"नावाला काय करू? नंबर वाचा आदी."

मास्तर एकेक आकडा वाचू लागले. काकी डोळे मिटून त्यांच्यामागून म्हणत होती. मधेच तिचे ओठ थांबले. मास्तर शेवटपर्यंत वाचत गेले.

"ह्यो आमचा न्हाई," काकी म्हणाली.

मला इतका आनंद झाला, की मी टाळ्याच पिटणार होते. तेवढ्यात काकीनं वळून त्या बाईकडं पाहिलं. त्या नावाचे गावात दोनच होते. बाईचे हात काकीच्या खांद्यावरून गळून पडले.

"मला त्यांचा नंबर ठावंच न्हाई, आक्का," ती म्हणाली.

काकीनं पाठ होईस्तोवर मास्तरांना तारेतला नंबर वाचायला लावला. मग आत जाऊन लुगडं बदलून आली. "चल. दवाखान्याच्या दारात नाव इचारतील. तुला घेता यायचं न्हाई, आन् मला बी न्हाई."

स्टेशनच्या वाटेवर मी पिशवी घेऊन त्यांच्यामागं चालत होते. काकी आकडे सांगे, ती हुंदके देत म्हणे. चुकली की काकी खेकसे, "परत म्हण." रडणं आणि पाठांतर एकदम जमत नाही. स्टेशन आलं तोवर नंबर पाठ झाला होता आणि रडणं मागं पडलं होतं.

पुढचं काकीनं परत आल्यावर सांगितलं. दारावर बायकोनं नंबर म्हटला, तसं दोघींना आत सोडलं. तो पायाला पट्ट्या बांधून खाटेवर पडला होता, पण शुद्धीत होता. बायको उशाशी बसली आणि काकी पायथ्याशी उभी राहिली. तार आपली नव्हती एवढंच तिला कळलं होतं, काका आहेत की नाहीत ते नव्हतं कळलं. विचारायचं तर नाव घेता येईना. तिनं पदर सावरला आणि हलक्या आवाजात आपला नंबर म्हणायला लागली.

तो अर्धाही झाला नसेल, खाटेवरच्या माणसानं पुढचे आकडे स्वतःच म्हणून टाकले आणि हसला. "बेस हाय त्यो, वैनी. शाळूच्या ताटाला कणीस आलं... समद्या पलटणीला म्हणून दावतो. आमास्नी बी पाठ झालंय."

तार आल्यापासून न रडलेली काकी तिथं, खाटेचा दांडा धरून, ओक्साबोक्शी रडली.

"लय लाज वाटली गं मला," ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची, आणि सांगताना पदर तोंडाला लावायची. "समद्या पलटणीला!"